पडलेल्या प्रोग्रॅमचा पंचनामा

एक हिशेब मांडून पाहू. सर्व्हरची डिस्क ४० जीबीची, त्यातली २५ जीबी रिकामी. त्यावर एक सेवा चालते, ती साधारण २ जीबी मेमरी वापरते आणि एका विशिष्ट विनंतीवर हमखास कोसळते. कोसळली की पाच सेकंदांनी तिला पुन्हा उठवायचं, असं लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीला सांगून ठेवलं आहे. ती उठते, तीच विनंती पुन्हा येते, ती पुन्हा कोसळते. दर वेळी तिच्या मेमरीची २ जीबीची प्रत नव्या नावाने डिस्कवर उतरते. तेराव्या वेळी डिस्कवर जागाच उरत नाही.

इथून पुढे जे घडतं त्याचा त्या सेवेतल्या चुकीशी काही संबंध नसतो. त्याच डिस्कवर असलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसला आपली व्यवहारांची नोंद लिहिता येत नाही, म्हणून तो स्वतःला बंद करून घेतो. लॉग लिहिले जात नाहीत. ईमेलची रांग तुंबते. चूक एका प्रोग्रॅममध्ये होती, पण बंद पडतं सगळं, आणि बंद पाडणारी गोष्ट ती चूक शोधण्यासाठीच तयार झालेली असते.

सिस्टमडीकडे अशा फेऱ्यांना लगाम घालणारी एक मर्यादा आहे. एखादी सेवा दहा सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा सुरू करावी लागली, तर तो तिचा नाद सोडतो. पण आपल्या उदाहरणात प्रत्येक वेळी पाच सेकंदांची विश्रांती आहे, त्यामुळे दहा सेकंदांत पाचचा आकडा कधी गाठलाच जात नाही. चांगल्या हेतूने दिलेली ही विश्रांती लगाम निकामी करते आणि रात्रभर मेमरीच्या या प्रती, म्हणजे डंप, पडत राहतात.

डंपमध्ये काय असतं

प्रोग्रॅमने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला की कर्नल त्याला ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. पडद्यावर दिसणारा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ तो हाच. काही प्रोग्रॅम आतला हिशेब बिघडल्याचं ओळखून स्वतःच थांबतात, तेव्हा सिग्नल ६ क्रमांकाचा असतो. अशा ठरावीक सिग्नलांनी प्रोसेस मेली, तर कर्नल तिची त्या क्षणाची मेमरी फाइलमध्ये उतरवून ठेवतो. हा कोअर डंप. मेमरी चुंबकीय कड्यांची, म्हणजे ‘कोअर’ची, बनवत त्या काळापासून हे नाव चालत आलं आहे.

हा त्या प्रोग्रॅमचा पंचनामाच असतो. कोणता धागा कोणत्या ओळीवर होता, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं होतं, रजिस्टरांत कोणते आकडे होते, चलांमध्ये कोणती मूल्यं होती, हे सगळं त्यात जसंच्या तसं नोंदलेलं असतं. जीडीबी या डीबगरने तो उघडला की मेलेल्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारता येतात.

प्रत्येक मृत्यूनंतर मात्र डंप पडत नाही. ९ क्रमांकाच्या सिग्नलने मारलेली प्रोसेस काहीच मागे ठेवत नाही. मेमरी संपल्यावर कर्नलचा ओओएम किलर जो बळी घेतो, तो याच सिग्नलने. त्यामुळे ‘सेवा मेली पण डंप सापडत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी कर्नलचा लॉग पाहावा. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळतं.

डंप किती मोठा होईल हे प्रोग्रॅमच्या फाइलवरून कळत नाही. तो किती मेमरी वापरत होता, यावर ते ठरतं. त्यातलंही सगळं उतरत नाही. लायब्ररींचा कोड डिस्कवर असतोच, म्हणून कर्नल तो सहसा वगळतो. काय घ्यायचं आणि काय वगळायचं हे प्रत्येक प्रोसेसच्या ‘कोअरडंप फिल्टर’ या सेटिंगमध्ये ठरतं. ही सोय कर्नलच्या २.६.२३ या आवृत्तीपासून आहे. मूळ सेटिंगमध्ये अनेक प्रोसेसांनी मिळून वापरलेली निनावी मेमरीही डंपमध्ये जाते. ज्या डेटाबेसची सामायिक मेमरी ३२ जीबी आहे, त्याची एका ग्राहकाची जोडणी सांभाळणारी छोटी प्रोसेस पडली, तरी डंप त्या ३२ जीबीच्या घरात जाऊ शकतो. फिल्टरमधला एक बिट बदलला की हे टळतं.

डंपच्या आकाराबद्दल आणखी एक फसगत होते. कधीच न वापरलेल्या पानांच्या जागी कर्नल फाइलमध्ये नुसती पोकळी सोडतो. त्यामुळे ‘एलएस’ ही आज्ञा फाइल ८ जीबीची दाखवते आणि ‘डीयू’ सांगते की डिस्कवर ती जेमतेम १ जीबी जागा घेते. दोन्ही आपापल्या परीने खरं बोलतात. मात्र अशी फाइल ‘एससीपी’ने दुसऱ्या यंत्रावर पाठवली, की पोकळ्या शून्यांनी भरून जातात आणि पलीकडे खरोखरच ८ जीबी खर्ची पडतात. ‘आरसिंक’ला पोकळी जपायला वेगळं सांगावं लागतं. त्यापेक्षा आधी दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, मग पाठवणं सोपं.

कोण उचलतो, कुठे ठेवतो

जुन्या युनिक्समध्ये प्रोसेस ज्या डिरेक्टरीत काम करत असेल तिथेच ‘कोअर’ नावाची फाइल पडायची. लिनक्सच्या कर्नलची मूळ सवय आजही तीच आहे. फाइल किती मोठी होऊ द्यायची, हे ‘युलिमिट’ने ठरतं. बहुतेक वितरणांत ही मर्यादा शून्य असते, म्हणून साध्या डेबियनवर प्रोग्रॅम पडला तरी काही उरत नाही.

‘कोअर पॅटर्न’ या कर्नल सेटिंगने चित्र बदललं. फाइलच्या नावात प्रोसेसचा क्रमांक, प्रोग्रॅमचं नाव, वेळ घालता येऊ लागली. २.६.१९ या आवृत्तीपासून तर पॅटर्नच्या सुरुवातीला उभी रेघ, म्हणजे पाइपचं चिन्ह, दिलं की कर्नल डंप थेट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमच्या हाती सोपवतो. अशा वेळी युलिमिटची मर्यादा कर्नल लादत नाही. ती पाळायची की नाही, हे पलीकडचा प्रोग्रॅम ठरवतो. ‘मी मर्यादा शून्य केली आहे, म्हणजे डंप बंद’ असं गृहीत धरण्याआधी कोअर पॅटर्न काय म्हणतो ते वाचावं.

हे सेटिंग सगळ्या यंत्राचं एकच असतं, कंटेनरांचंही. कंटेनरमधला प्रोग्रॅम पडला तर त्याचा डंप कोणाकडे जाईल, हे यजमान यंत्राचं सेटिंग ठरवतं. कंटेनरच्या आत शोधाशोध करून हात हलवत परतणारे म्हणूनच पुष्कळ.

डंप उचलणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी तीन महत्त्वाचे आहेत. उबुंटूवर ‘ॲपोर्ट’ असतो. तो आपले अहवाल व्हारखालच्या क्रॅश डिरेक्टरीत ठेवतो. फेडोरावर आणि इतर अनेक वितरणांवर ‘सिस्टमडी-कोअरडंप’ असतो आणि रेड हॅटच्या जुन्या यंत्रांवर ‘एबीआरटी’ भेटतो. तिघांचं काम एकच, पण जागेचा प्रश्न प्रत्येकाने वेगळ्या स्वभावाने सोडवला आहे.

पहिला ठेवायचा की शेवटचा

सिस्टमडी-कोअरडंप डिस्कच्या टक्केवारीत विचार करतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन आकडे कळीचे. ‘मॅक्सयूज’ म्हणजे सगळ्या डंपांनी मिळून जास्तीत जास्त किती जागा घ्यावी. काही सांगितलं नाही, तर त्या फाइलसिस्टिमच्या १० टक्के. ‘कीपफ्री’ म्हणजे काही झालं तरी किती जागा मोकळी राहिली पाहिजे. न सांगता ती १५ टक्के. आपल्या ४० जीबीच्या डिस्कवर डंपांना फार तर ४ जीबी मिळतील आणि ६ जीबी मोकळी ठेवायचा प्रयत्न होईल. शिवाय प्रत्येक डंप दाबून ठेवला जातो, हल्ली झेडएसटीडी या पद्धतीने. सुरुवातीच्या हिशेबातला सर्व्हर या व्यवस्थेत डंपांमुळे भरला नसता. डंप साध्या फाइली म्हणून सोडले होते आणि युलिमिट काढून टाकली होती, म्हणून तो भरला.

मर्यादा ओलांडली की तो कोणाचा डंप काढतो? ज्या वापरकर्त्याचे डंप सर्वांत जास्त, त्याचा सर्वांत जुना. एकाच्या बिघडलेल्या प्रोग्रॅमने दुसऱ्याचा पुरावा पुसला जाऊ नये, हा विचार त्यामागे आहे आणि तो रास्त आहे. पण एकाच प्रोग्रॅमच्या आत हा नियम उलटा पडतो. सेवा रात्रभर कोसळत राहिली तर सकाळी हाती लागतात ते शेवटचे काही डंप. पहिला, ज्यात गोष्ट जिथे बिघडली तो क्षण असतो, तो केव्हाच गेलेला असतो.

ॲपोर्टने नेमकी उलट बाजू धरली. त्याच्याकडे एका प्रोग्रॅमसाठी आणि एका वापरकर्त्यासाठी एकच अहवाल असतो. तो कोणी पाहिलेला नसेल आणि प्रोग्रॅम पुन्हा पडला, तर ॲपोर्ट नवा डंप लिहीतच नाही. आधीचा न पाहिलेला अहवाल शिल्लक आहे, डिस्क भरू नये म्हणून हा सोडून देतो, असं तो लॉगमध्ये नोंदवतो. सात दिवसांहून जुने अहवाल रोजच्या क्रॉनच्या कामात पुसले जातात. म्हणजे इथे पहिला डंप वाचतो आणि पुढचे येतच नाहीत. त्याची किंमतही आहे. पहिल्या डंपचं कारण वेगळं आणि दुसऱ्याचं वेगळं असेल, तर दुसरं कारण कळतच नाही.

एबीआरटी मधला मार्ग काढतो. नवा डंप आधीच्या एखाद्यासारखाच आहे का, हे तो कॉल-साखळी, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं तो क्रम, जुळवून पाहतो. जुळली तर नवा डंप टाकून देतो आणि जुन्याच्या नोंदीत ‘हे इतक्या वेळा घडलं’ हा आकडा वाढवतो.

तीन स्वभावांमधून एक गोष्ट स्पष्ट होते. एकाच चुकीचे शंभर डंप म्हणजे शंभर पुरावे नव्हेत. पुरावा एकच, आणि तो शंभरदा लिहिला गेला. म्हणून जागेचं व्यवस्थापन करताना ‘किती जीबी’ याच्या आधी ‘कोणता’ हा प्रश्न येतो. सिस्टमडी वापरणाऱ्यांनी पहिला महत्त्वाचा डंप ‘कोअरडंपसीटीएल’च्या ‘डंप’ आज्ञेने बाजूला काढून ठेवावा. नाहीतर तो शिस्तीत पुसला जाईल.

फाइल पुसली गेली तरी सगळं जात नाही. सिस्टमडी-कोअरडंप प्रत्येक अपघाताची नोंद जर्नलमध्ये करतो. कोणता प्रोग्रॅम, कोणती आज्ञा, कोणता सिग्नल आणि शक्य असेल तर कॉल-साखळी. ‘कोअरडंपसीटीएल’ची यादी पाहिली की पुसलेल्या डंपांसमोर ‘मिसिंग’ असा शेरा दिसतो, पण नोंद जागेवर असते. पुष्कळ चुका या काही किलोबाइटच्या नोंदीवरूनच उलगडतात. स्वतः प्रोग्रॅम लिहीत नसलेल्या माणसाने घरच्या लॅपटॉपवर ‘स्टोरेज’ हे सेटिंग ‘नन’ केलं तर डंप साठत नाहीत आणि नोंदी मात्र मिळत राहतात.

डंप ठेवायचाच, तर तो वाचता येईल याची सोयही हवी. वितरणांमधून येणाऱ्या प्रोग्रॅमांतून डीबगची चिन्हं काढलेली असतात. ती नसतील तर डंपमध्ये फंक्शनांच्या नावांऐवजी नुसते पत्ते दिसतात. ही चिन्हं गरजेपुरती नेटवरून आणून देणारी ‘डीबगइन्फोडी’ ही सेवा २०१९ मध्ये आली आणि काम सोपं झालं. पण स्वतःच्या कंपनीत बांधलेल्या प्रोग्रॅमची चिन्हं कोणतीही सार्वजनिक सेवा देणार नाही. ज्या बांधणीची चिन्हं जपलेली नाहीत, तिचे डंप जपून फारसं काही हाती लागत नाही.

कर्नलच पडतो तेव्हा

प्रोग्रॅम पडला तर कर्नल डंप लिहितो. कर्नलच पडला तर कोण लिहिणार? पडलेल्या कर्नलवर, त्याच्या डिस्क चालवणाऱ्या ड्रायव्हरांवर, विश्वास कसा ठेवायचा? त्यांनी भलत्याच जागी लिहिलं तर चांगला डेटाही जायचा.

यावरचं उत्तर म्हणजे ‘केडंप’. यंत्र सुरू होतानाच थोडी मेमरी वेगळी काढून तिथे दुसरा, छोटा कर्नल तयार ठेवायचा. पहिला कोसळला की बायोसच्या फेऱ्यात न अडकता थेट दुसऱ्यात उडी मारायची. दुसरा आपल्या राखीव जागेतच जगतो, पहिल्याच्या मेमरीला धक्का लावत नाही आणि ती शांतपणे डिस्कवर उतरवतो. ही उडी मारणारी ‘केएक्सेक’ यंत्रणा एरिक बीडरमन यांची. त्यावर केडंप उभारण्याच्या कामात आयबीएमचे विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ होते. २००५ मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत या तिघांनी त्यावर निबंध मांडला आणि त्याच वर्षी २.६.१३ या आवृत्तीत ते मुख्य कर्नलमध्ये दाखल झालं.

इथे जागेचा प्रश्न आणखी मोठा होतो, कारण आता डंप सगळ्या यंत्राच्या मेमरीचा असतो. २५६ जीबी मेमरीच्या सर्व्हरची सरळ प्रत २५६ जीबीच्या आसपास जाईल. ‘मेकडंपफाइल’ हे साधन ती गाळून घेतं. शून्यांनी भरलेली पानं, फाइलींची कॅश, वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमांचा डेटा आणि मोकळी पानं, असे प्रकार वगळता येतात. ३१ ही पातळी दिली की हे सगळेच वगळले जातात, कारण कर्नलची चूक शोधायला बहुतेकदा कर्नलची स्वतःची पानंच पुरतात. उरलेलं दाबलं की आकार आणखी उतरतो.

तरी तो मुख्य पार्टिशनवर न ठेवलेला बरा. वेगळं पार्टिशन असावं किंवा एनएफएस अथवा एसएसएचने डंप दुसऱ्या यंत्रावर जावा. अर्धवट लिहिलेला कर्नल डंप अनेकदा कामाचा उरत नाही, म्हणून जागेचा अंदाज इथे सढळ हाताने बांधावा.

डिस्क भरलेली असताना

काळजी घेऊनही कधीतरी डिस्क भरते. तेव्हा दिसेल ते पुसत सुटू नये.

आधी ‘डीएफ’ने कोणतं पार्टिशन भरलं ते पाहावं. जागा दिसत असूनही फाइल बनत नसेल तर ‘डीएफ’ला आयनोड विचारावेत, कारण लाखो छोट्या फाइलींनी तेही संपतात. मग ‘डीयू’ने, त्याच पार्टिशनच्या हद्दीत राहून, एकेक पातळी खाली उतरावं. दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर कोणीतरी पुसलेली फाइल अजून एखाद्या चालू प्रोग्रॅमच्या हातात आहे. नाव गेलं, जागा सुटली नाही. ‘एलएसओएफ’ अशा फाइली दाखवतो. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते.

डंप सापडले तर पुसण्याआधी एकाची कॉल-साखळी पाहून नोंदवून घ्यावी आणि कोसळणारी सेवा थांबवावी. सेवा चालू ठेवून पुसत बसलं तर नळ उघडा आणि पोतेरं हाती, अशी गत होते. ‘कोअर’ नावाच्या सगळ्या फाइली शोधून पुसणारी जुनी क्रॉनची ओळ कुठे शिल्लक असेल तर ती फक्त साध्या फाइलींपुरतीच आहे ना, हे तपासावं. लिनक्स कर्नलच्या उगमकोडात नेटवर्कच्या विभागात ‘कोअर’ नावाची डिरेक्टरीच आहे. नाव पाहून पुसणारी आंधळी आज्ञा तीही घेऊन जाईल. शंका आली तर ‘फाइल’ ही आज्ञा चालवावी. खरा डंप असेल तर तो कोणत्या प्रोग्रॅमचा, हेसुद्धा ती सांगते.

अशा वेळी ईएक्सटी४ची एक सवय कामी येते. ती ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. सामान्य प्रोग्रॅमांची डिस्क संपली तरी प्रशासकाला आत शिरून आवराआवर करता येते. १ टीबीच्या केवळ साठवणीच्या डिस्कवर हे ५० जीबी जास्त वाटले तर ‘ट्यून२एफएस’ने कमी करावेत, पण मूळ पार्टिशनवर तसं करू नये.

डंपातली गुपितं

जागेइतकाच गंभीर दुसरा मुद्दा गोपनीयतेचा. मेमरीत जे होतं ते डंपमध्ये उतरतं. पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, ग्राहकांची नावं, फोन क्रमांक, सगळं. म्हणूनच ‘एसएसएच-एजंट’सारखे प्रोग्रॅम आपला डंप होऊच देत नाहीत, आणि मेमरीचा ठरावीक तुकडा डंपमधून वगळा असं सांगायची सोय कर्नलमध्ये ३.४ या आवृत्तीपासून आहे.

हा धोका कागदावरचा नाही. मे २०२५ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने ॲपोर्ट आणि सिस्टमडी-कोअरडंप या दोन्हींत एकाच जातीच्या त्रुटी दाखवून दिल्या. यंत्रावर साधं खातं असलेला माणूस योग्य क्षण साधून विशेष अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा डंप मिळवू शकत होता, आणि त्यातून पासवर्डांचे हॅशही. दुरुस्त्या लगेच आल्या. तोवर विशेष अधिकारांच्या प्रोग्रॅमांचे डंप ‘सुइड डंपेबल’ हे सेटिंग शून्य करून बंद ठेवावेत, असा तात्पुरता उपाय सुचवला गेला.

डंप जितका काळ पडून राहील तितका काळ ही गुपितंही पडून राहतात. त्याची प्रत बॅकअपमध्ये जाते, चूक शोधायला मदत मागताना बाहेरच्या कंपनीकडे जाते, कोणाच्या तरी लॅपटॉपवर उतरते. म्हणून डंपांची डिरेक्टरी बॅकअपमधून वगळावी. बाहेर फक्त कॉल-साखळी पाठवावी, पूर्ण डंप नाही. मुदत संपली की पुसावं. सिस्टमडीच्या जुन्या आवृत्त्या डंप तीन दिवस ठेवत, नव्या दोन आठवडे ठेवतात. जो डंप इतक्या काळात कोणी उघडला नाही, तो पुढेही सहसा उघडला जात नाही.

चाचणी

हे सगळं ठरवल्यावर एकदा करून पाहावं. चाचणीच्या यंत्रावर ‘स्लीप’ हा निरुपद्रवी प्रोग्रॅम सुरू करा आणि त्याला ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवा. केडंप तपासायचा असेल तर ‘सिसआरक्यू’च्या मार्गाने कर्नल मुद्दाम पाडता येतो. तेव्हा यंत्र खरोखरच पडतं, म्हणून त्यावर कोणाचं काम चालू नाही हे आधी पाहा.

मग चार गोष्टी तपासा. डंप तयार झाला का? ठरलेल्या जागी, ठरलेल्या मर्यादेत गेला का? तो उघडून फंक्शनांची नावं दिसतात का? आणि मुदत सरल्यावर तो आपोआप गेला का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला काही दिवस थांबावं लागतं, म्हणून तोच बहुतेकदा विचारायचा राहून जातो. कॅलेंडरवर तारीख टाकून ठेवा आणि त्या दिवशी डिरेक्टरी उघडून पाहा. डंप अजून तिथेच असेल, तर साफसफाईची व्यवस्था चालू नाही, आणि डिस्क भरण्याआधी दुरुस्त करायची पहिली गोष्ट तीच.